गिरणीचे घड्याळ आणि कामगाराचा अर्धा तास

एखादे जोखमीचे काम हाती घ्यावे, कागद पुढे ओढावेत, चार ओळी लिहून होतात न होतात तोच दारात कोणी उभे राहावे, हा अनुभव तुम्हालाही असेल. आलेला माणूस जातो, मग टेलिफोन वाजतो, मग चहा येतो, आणि चहाबरोबर शेजारचे गृहस्थही येतात. संध्याकाळी हिशेब केला तर दिवस संपलेला असतो आणि काम तिथल्या तिथेच. मग आपण म्हणतो, 'आज फार वेळ फुकट गेला.' वेळ फुकट गेला हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! पण गेला तो वेळ कोणाचा आणि फुकट म्हणजे नेमका कोणाच्या हिशेबाने, यावरून मुंबई शहरात पन्नास-साठ वर्षे भांडण चालले होते. ते कचेऱ्यांतले नव्हे, गिरण्यांतले. त्याचीच हकीकत आज तुमच्यापुढे मांडायची आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या बाजूला धुराड्यांचे रानच उठले. या गिरण्यांत कामाला आला तो बहुतेक रत्नागिरीकडचा, साताऱ्याकडचा, घाटावरचा शेतकरी. त्याला कष्टाचे भय नव्हते. नांगर धरलेला माणूस तो. पण शेतावरचे कष्ट आणि यंत्रापुढचे कष्ट यांत एक मोठा फरक आहे. शेतावर मनुष्य घाम पुसायला बांधावर बसला तर बैलही थांबतात. यंत्र थांबत नाही. फार काय, ते थांबू नये म्हणूनच तर माणूस तिथे उभा केलेला असतो.

सुरुवातीला गिरणीत दिवसाचे माप सूर्याचे होते. उजाडले की पट्टे फिरायला लागायचे आणि अंधारून आले की थांबायचे. मुंबईत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे हिवाळ्यात काम थोडे कमी आणि उन्हाळ्यात, अंगाची नुसती लाही होत असताना, जास्त. मध्ये सर्वांनी मिळून थांबायची सुटी नाही. भाकरी खायची तर साचा चालू ठेवून, शेजाऱ्याला 'जरा बघ रे' म्हणून, कुठे तरी आडोशाला खायची. आठवड्याची सुटी नाही. रविवारी यंत्रे बंद राहिली तरी ती साफ करायला यावे लागे, आणि त्यात निम्मा दिवस जाई.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. तो झाला मुलांसाठी. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घ्यायचे नाही, त्यांना एक तास विश्रांती आणि महिन्यात चार सुट्या द्यायच्या. आज आपल्याला हे वाचताना अंगावर काटा येतो. सात वर्षांच्या पोराला नऊ तास! पण त्या वेळी तेवढीही मर्यादा मोठी वाटली. आणि मोठ्या माणसांबद्दल कायदा काही बोललाच नाही.

मोठ्या माणसांबद्दल बोलले ते नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. काही काळ त्यांनी गिरणीत स्टोअरकीपरची नोकरीही केलेली, त्यामुळे आतला कारभार त्यांना बाहेरून पाहावा लागला नव्हता. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला आणि भायखळ्याला गिरणी कामगारांच्या दोन सभा घेतल्या. तिथे मागण्या ठरल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या नावांचा अर्ज तयार झाला. त्या मागण्या ऐकण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास सुटी असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. आणि कामावर कोणी जायबंदी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पगार मिळावा, कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

पाचांपैकी पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. पगार वाढवा अशी मागणी त्यांत नाही. मला याचे फार दिवस नवल वाटे. पोटाला कमी मिळत असताना माणूस आधी अर्धा तास का मागतो? पुढे गिरणगावातल्या जुन्या माणसांशी बोलताना थोडा उलगडा झाला. पैसा उसना मिळतो, मारवाड्याकडून मिळतो, पठाणाकडून मिळतो, व्याज भारी असले तरी मिळतो. अर्धा तास उसना कोण देणार?

लोखंड्यांच्या त्या संस्थेला आपण आज युनियन म्हणू, पण खरे तर तिच्यापाशी ना सभासदांची यादी होती, ना वर्गणीचा निधी. एक माणूस, एक वर्तमानपत्र आणि ऐन वेळी जमणारा समाज, एवढ्याच भांडवलावर काम चालले होते. तरीही २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन कामकरी बायका उठून बोलल्या, ही गोष्ट आपल्या इतिहासात जरा ठळक अक्षरांत लिहायला हवी होती. त्या काळी भल्याभल्या घरांतल्या बायका सभेला श्रोता म्हणूनही जात नसत. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. साहेबाला तो देवळात जाण्यासाठी हवा होता, घाटावरच्या माणसाला मल्हारीसाठी. दोन वेगळ्या वाटांनी माणसे एकाच वारावर येऊन पोचली म्हणायची!

पुढच्याच वर्षी, १८९१ साली, कायदा सुधारला. बायकांचे काम अकरा तासांवर आणले, मुलांचे वय आणि तास यांत फरक केला, आणि सर्वांनाच आठवड्याची सुटी व दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास थांबा मिळाला. अर्धा तास पट्टे थांबणार! ज्याने कधी गिरणीचे खाते आतून पाहिले असेल त्यालाच याची किंमत कळेल. शेकडो साचे एकदम थांबल्यावर कानांत जी शांतता भरते, ती आधी कोणाला खरीच वाटत नाही.

पण सूर्याचे माप मोडायला आणखी एक पाहुणा आला, तो म्हणजे विजेचा दिवा. एकोणिसावे शतक सरता सरता आणि विशेषतः १९०५ च्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे लागले. बाजार तेजीत होता. आता अंधार पडला म्हणून काम थांबायचे कारण उरले नाही. बारा तासांचे चौदा झाले, कुठे पंधरा झाले. बायका आणि मुले यांच्यावर कायद्याचे थोडे तरी छत्र होते, पुरुषांवर काहीच नव्हते. पहाटे घरातून निघालेला बाप रात्री परतायचा तेव्हा पोरे झोपलेली असायची. त्यांचे तोंड उजेडात दिसायचे ते फक्त रविवारी. कामगारांनी आरडाओरडा केला, वर्तमानपत्रांतून, अगदी इंग्रजी पत्रांतूनसुद्धा, टीका झाली.

याच गडबडीत घड्याळही बदलले. ही गोष्ट थोडी आडवाटेची आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी तिच्या जागी रेल्वेची मद्रास वेळ, म्हणजे अर्धा तास पुढची, लादून पाहिली होती. शहराने ती मानली नाही आणि १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. मग १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ आली, ग्रिनिचपुढे साडेपाच तास. मुंबईचे काटे एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले. सुशिक्षितांनी सभा भरवल्या, ठराव केले. महानगरपालिकेने तर १९०६ मध्ये मुंबईची वेळच धरून ठेवायचे ठरवले आणि ती १९५५ पर्यंत सोडली नाही. पण एकोणचाळीस मिनिटांचा खरा चटका बसला तो कामगाराला. घड्याळात सहा वाजले म्हणजे सूर्याच्या हिशेबाने अजून पाच एकवीसच झालेले. जानेवारीत तर नव्या वेळेने सूर्य उगवायचा तो सात वाजून गेल्यावर. ज्याच्या खोलीत घड्याळ नाही, जो कोंबड्याच्या आरवण्यावर आणि आभाळातल्या चांदणीवर उठतो, त्याला कळेचना की साहेबाने रातोरात आपल्या झोपेतला हा तुकडा कसा कापून नेला. त्या जानेवारीत मुंबईत कामगार चिडून कामाबाहेर पडले, दंगाही झाला. लोक म्हणाले, अडाणी माणसे, त्यांना प्रमाणवेळ काय समजणार! मला वाटते, त्यांना ती फार बरोबर समजली होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तासांची तक्रार वाढली तेव्हा सरकारने चौकशी नेमली. १९०७-०८ मध्ये मॉरिसन साहेबांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन देशभरच्या कारखान्यांतून फिरले. मालकांनी या कमिशनपुढे जी बाजू मांडली ती आपल्या विषयाशी थेट भिडते. ते म्हणाले, तास जास्त आहेत हे खरे, पण आमचा माणूस त्या सगळ्या तासांत काम करतो कुठे? घटकेघटकेला उठतो आणि बाहेर जातो. कमिशनने स्वतः पाहिले तेव्हा ते खोटे नव्हते. गिरणीच्या आवारात, यंत्रे चालू असताना, कोणी विडी ओढतो आहे, कोणी अंघोळ करतो आहे, कोणी धोतर धुतो आहे, कोणी दाढी करून घेतो आहे, कोणी पंचा टाकून झोपला आहे. कोणाची बायको भाकरी घेऊन आली आहे आणि पोरेबाळे भोवती बसली आहेत. एखाद्या गावच्या पारावर असावे तसे चित्र. मालकांचे म्हणणे, हा आळस आहे. म्हणून आम्हाला जादा माणसे ठेवावी लागतात, आणि तास कमी केले तर हा आळस तेवढाच राहील, माल मात्र घटेल.

वाचकहो, इथे जरा थांबून हिशेब करून पाहा. चौदा तासांच्या दिवसात त्या माणसाने अंघोळ कधी करायची? कपडे कधी धुवायचे? पहाटे तो निघतो तेव्हा चाळीच्या एकुलत्या नळावर रांग असते. रात्री परततो तेव्हा नळ गेलेला असतो. घरातल्या पोरांशी चार शब्द बोलायचे तर कुठे बोलायचे? तेव्हा त्याने आपले घरच थोडे थोडे करून गिरणीत आणले होते. ज्याला मालक कामातला खंड म्हणत होते, तेच त्या माणसाचे उरलेसुरले आयुष्य होते.

कामातल्या या खंडाची व्यवस्थाही पाहण्यासारखी होती, आणि तिचे मला मोठे कौतुक वाटते. साचे खात्यात विणकर दोन साचे सांभाळी. त्याला मजुरी मिळे ती कापडावर, तासावर नव्हे. तो उठला की शेजारचा आपल्या दोन साच्यांबरोबर त्याचेही दोन बघायचा. धागा तुटला तर जोडायचा, धोट्यातले सूत संपले तर भरायचा. हा परतला की तो उठायचा. कोणी लिहून दिलेला नियम नाही, मुकादमाचा हुकूम नाही. उठून गेल्याने कापड कमी निघाले तर पैसा बुडे तो विणकराचाच, म्हणजे आपल्या विश्रांतीची किंमत तो स्वतःच्या गाठीची मोजत होता. त्रासन खात्यात, म्हणजे सूत काढायच्या खात्यात, निराळा प्रकार. तिथे पगार दिवसावर, म्हणून तिथे मालक जादा हात ठेवी. त्यातून भर अशी की सूत तुटू नये म्हणून खात्यात दमटपणा राखायचा आणि खिडक्या बंद ठेवायच्या. वर कापसाची पिंजर हवेत तरंगत असायची. अशा जागी चौदा तास सलग उभे राहून दाखवणारा मनुष्य कमिशनच्या सभासदांतही निघाला नसता.

कमिशनच्या बहुसंख्य सभासदांनी माणूस दमतो हे मानले, पण मोठ्या पुरुषांचे तास कायद्याने बांधायला ते धजले नाहीत. आडमार्गाने काही करावे असे त्यांनी सुचवले. चौदा ते सतरा वर्षांच्या पोरांचा एक नवा वर्ग करावा, त्यांचे तास बारा ठरवावे, म्हणजे त्यांच्यावाचून गिरणी चालणार नाही आणि मोठ्यांचेही तास आपोआप खाली येतील. साहेबी डोके, सरळ दरवाजा उघडा असताना खिडकीतून शिरायचे! एका सभासदाने मात्र वेगळा लेख जोडला. ते मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर. त्यांचे म्हणणे सरळ होते, पुरुषांचेही तास बाराच ठरवा. आणि १९११ चा कायदा झाला तेव्हा कापडगिरण्यांपुरते नायरांचेच म्हणणे त्यात आले. पुरुषाला दिवसाला बारा तास, आणि सलग सहा तासांनंतर अर्धा तास थांबा. मोठ्या पुरुषाच्या रोजच्या तासांना या देशात कायद्याने घातलेले हे पहिले कुंपण.

पुढची वाट भराभर सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर महागाईने कहर केला. १९१९ आणि १९२० च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाले, आणि १९२० च्या संपानंतर मुंबईत दिवस दहा तासांवर आला, दुपारची सुटी एक तासाची झाली. कायदा मागून आला. १९२२ मध्ये अकरा तास, १९३४ मध्ये दहा, १९४६ मध्ये नऊ. कायदा कामगाराच्या पुढे कधी चालला नाही, नेहमी दोन पावले मागून आला.

तास कमी झाले तसे मालकही कडक होऊ लागले. तेही स्वाभाविक होते. दहा तास घेतलेस ना, मग दहाही तास साच्यापुढे उभा राहा. त्यातून पुढची पायरी आली ती दोनाऐवजी तीन साचे, त्रासनाच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. म्हणजे शेजाऱ्याचे साचे बघायची सोयच उरली नाही. चार बघणे जमत होते, सहा कसे जमावेत? विणकरांनी आपसांत उभी केलेली ती जुनी, न लिहिलेली व्यवस्था एका फटक्यात मोडली. १९२८ चा प्रचंड संप, जो २६ एप्रिलपासून ६ ऑक्टोबरपर्यंत चालला आणि ज्यात दीड लाखाच्या आसपास माणसे कामाबाहेर राहिली, त्याच्या मुळाशी मजुरीइतकेच हेही दुखणे होते. सतरा मागण्यांत गिरणीच्या स्थायी नियमांचीही तक्रार होती. केव्हा यायचे, केव्हा जायचे, गैरहजेरी कशी धरायची, सगळे काही मालकाने लिहून भिंतीला लावलेले. संप मिटल्यावर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीने हे नियम एकेक करून तपासले. त्या समितीपुढे मालक-कामगारांची जी वादावादी झाली, तीत साहेबलोक आणि जोशी, डांगे यांच्यासारखे पुढारी एखाद्या माणसाच्या पाच मिनिटांवरून तासन् तास भांडले. बाहेरच्याला ते हास्यास्पद वाटले असेल. परळला राहणाऱ्याला वाटले नसणार.

या सगळ्या कथेत बायकांचा दिवस कोणत्याच कायद्याला नीट मोजता आला नाही, हेही नमूद केले पाहिजे. १८९१ ने त्यांना अकरा तास दिले, ते गिरणीतले. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापणे, नळावर पाणी भरणे, पोर पाठीशी बांधून गिरणीच्या दारापर्यंत जाणे, परतल्यावर पुन्हा चूल, हे तास कोणत्या इन्स्पेक्टरच्या वहीत आले? शिवाय १९११ नंतर मजुरी आणि यंत्रे यांची घडी बदलत गेली तशी बायकांची संख्या गिरण्यांत पुढे पुढे कमी होत गेली. 'तास कमी' म्हणून जे आले त्याचा काही भाग त्यांना कामच गमावून मोजावा लागला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला आणि १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांनी मागितलेला दुपारचा अर्धा तास १८९१ मध्ये कायद्याच्या पुस्तकात आला, तो १९४८ च्या कायद्यातही राहिला. 

गिरण्या आता गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, नंतरची वाताहत, जमिनींचे व्यवहार, तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. परळच्या बाजूला काही धुराडी अजून उभी आहेत, त्यांच्या भोवती उंच काचेच्या इमारती आल्या आहेत आणि त्यांत रात्रीही दिवे जळत असतात. तिथून दुपारी जायचा योग आला तर पाहा, दारवान आणि साफसफाईची माणसे कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत डबा उघडून बसलेली असतात. डब्यात बहुधा भाकरीच असते. एकजण जेवतो तेव्हा दुसरा त्याचे दार सांभाळतो.